भार मागच्या चाकांवर

डिसेंबरच्या संध्याकाळी करोल बागेतल्या हॉटेलांच्या गल्ल्यांत एक दृश्य हमखास दिसतं. टेम्पो ट्रॅव्हलरची दोन चाकं फुटपाथवर चढलेली असतात, चालक टपावर उभा राहून खालून येणाऱ्या बॅगा झेलत असतो आणि खाली कुणीतरी मराठीत नग मोजत असतं. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडची कुटुंबं सकाळच्या गाडीने दिल्लीत उतरतात, करोल बागेत आंघोळ-जेवण उरकतात आणि रात्री मनालीच्या वाटेला लागतात. मराठी माणसाला हा भाग तसा परका नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले, तसे ते इथल्या सराफी गल्ल्यांतही आले. पण पर्यटकांसाठी करोल बाग म्हणजे बर्फाकडे जाणाऱ्या रस्त्याचं पहिलं टोक.

रात्रभरात साधारण ५३० किलोमीटर कापून सकाळी मनालीला पोचणाऱ्या या गाडीच्या मागच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते. बऱ्याचदा ती चार-सहा वर्षं घाटात राबलेली असते आणि टायरांच्या नक्षीचे काठ गोल झालेले असतात. प्रवाशांना यातलं काही माहीत नसतं, माहीत करून घ्यायचं कारणही पडत नाही. पुढे सोलंगच्या चढावर गाडी आडवी झाली की मात्र सगळे एकमेकांना विचारू लागतात, ही गाडी बर्फात चालते की नाही? खरं तर हा प्रश्न करोल बागेतच विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर समजतं त्यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे.

ट्रॅव्हलर मुळात आकुर्डीच्या कंपनीची. तेव्हाच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीझ-बेंझच्या टी-वन या जर्मन व्हॅनवरून ती बेतली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती रस्त्यावर आली. इंजिन पुढे, गिअरबॉक्समागे लांब दांडा आणि ताकद मागच्या धुरेला, अशी तिची रचना. त्याच कंपनीची आधीची मॅटॅडोर मात्र पुढच्या चाकांवर ओढायची. महाराष्ट्रात लग्नाची वऱ्हाडं आणि नाटकांची नेपथ्यं वर्षानुवर्षं वाहणारी ती हीच गाडी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागे माल भरला आणि ती चढाला लागली की वजन मागे सरकतं आणि ओढणारी चाकं हलकी पडतात. ट्रॅव्हलरचं नेमकं उलट आहे. माणसं बसली, चढ लागला की तिच्या मागच्या चाकांची पकड वाढते. मारुती ओम्नीही याच जातीची. १९८४मध्ये आलेल्या या गाडीचं ७९६ सीसी इंजिन पुढच्या सीटखाली आणि ताकद मागच्या चाकांना. २०१९मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण गंगटोकच्या चढ-उतारांवर टॅक्सी म्हणून तिने उभी हयात काढली. जपानच्या बर्फाळ प्रदेशांत सुझुकीच्या अशाच छोट्या व्हॅन चारही चाकांना ताकद देणाऱ्या रूपातही मिळतात. आपल्याकडे आलेल्या ओम्नीला ती सोय कधीच नव्हती.

म्हणजे मागच्या चाकांवर चालते म्हणून गाडी बर्फात निकामी, हा सरसकट समज खरा नाही. कोकणातल्या लाल चिखलात हे ज्याने पाहिलंय त्याला ते पटकन पटेल. भरलेली एसटी चढ चढून जाते, रिकामी एसटी त्याच जागी चाकं फिरवत उभी राहते. बर्फाचं गणित तेच, फक्त आकडे जास्त कठोर.

कोरड्या डांबरावर टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाचा गुणांक साधारण ०.७ धरतात. दाबल्या गेलेल्या बर्फावर तो ०.२च्या आसपास येतो, काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहून खाली. ताशी ४० किलोमीटरने चाललेली गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर ९ मीटरमध्ये थांबते, तीच दाबल्या बर्फावर ३१ मीटर घेते आणि काचबर्फावर ६३. चालकाला ब्रेकपर्यंत पाय न्यायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही. आता चढ घेऊ. समजा गाडी रिकामी आहे आणि तिच्या वजनापैकी ४० टक्के मागच्या चाकांवर आहे. दाबल्या बर्फावर ती फार तर ८ टक्क्यांचा चढ चढेल, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना आठ मीटर वर. काचबर्फावर ४ टक्के. पहाडी रस्त्यांचा चढ बहुतेक ठिकाणी ५ ते ७ टक्के असतो, वळणाच्या आतल्या अंगाला त्याहून खडा. तीच गाडी भरून मागच्या चाकांवर ६० टक्के वजन आलं तर दाबल्या बर्फावर ती १२ टक्क्यांपर्यंत निभावते.

हे आकडे समोर ठेवले की डोंगरात हमखास घडणाऱ्या एका चुकीचा उलगडा होतो. गाडीचं मागचं चाक गरगरायला लागतं. चालक ओरडतो, उतरा, गाडी हलकी करा. बारा-तेरा माणसं, आजीसकट, भुसभुशीत बर्फात उतरतात. गाडी हलकी होते आणि चाक आधीपेक्षा जोरात फिरायला लागतं. फिरणाऱ्या चाकाखाली बर्फ वितळतो, लगेच गोठतो आणि तळहाताएवढी गुळगुळीत वाटी तयार होते. मग चौघे मागून धक्का मारतात. नेमकी हीच जागा सगळ्यांत धोक्याची, कारण गाडी मागे घसरली तर आधी त्यांच्याच अंगावर येणार. ज्यांना हे कळतं ते चालक उलट करतात. रस्ता रुंद असेल, दरीचा काठ दूर असेल तर चार जाड माणसांना शेवटच्या रांगेत बसवतात, दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय टेकवून, क्लच हळूहळू सोडत निघतात. काठ जवळ असेल तर मात्र सगळ्यांना उतरवून डोंगराच्या बाजूला उभं करायचं आणि गाडी आहे तिथे सोडून द्यायची. तिथे पकडीचा हिशोब मांडत बसायचं नसतं.

ओम्नीसारख्या गाडीत आणखी एक जुनी युक्ती चालते. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या चाकाला पकड नाही त्यालाच ताकद जाते. एक मागचं चाक बर्फात फिरत राहतं आणि कोरड्या कडेवरचं दुसरं गप्प उभं असतं. अशा वेळी हँडब्रेक दोन-तीन खाचा ओढून ठेवला तर फिरणाऱ्या चाकाला अडथळा होतो आणि थोडी ताकद दुसऱ्याकडे वळते. हँडब्रेक मागच्याच चाकांवर असल्यामुळे हे जमतं. नव्या गाड्यांत हेच काम संगणक करतो. जुन्या गाडीत ते उजव्या पायाला आणि डाव्या हाताला करावं लागतं. दोन इंच पुढे, दोन इंच मागे, असं झुलवत गाडी त्या वाटीतून बाहेर काढायची.

चढापेक्षा उतार वाईट. चढावर गाडी फसली तर निदान थांबते, उतारावर थांबतच नाही. शिवाय उतारावर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा मोठा गुण दोष होऊन बसतो. वजन पुढे सरकतं आणि मागची चाकं हलकी होतात. घाटात गाडी सांभाळायला शिकलेला चालक सवयीने खालचा गिअर टाकतो, कारण इंजिनाच्या रोधाने ब्रेक तापत नाहीत, आणि आंबोलीत किंवा ताम्हिणीत ते अगदी बरोबर आहे. पण डिझेल इंजिनाचा रोध जबरदस्त असतो आणि तो सगळाच्या सगळा हलक्या झालेल्या मागच्या चाकांवर येतो. गिअर झटक्यात पडला तर मागची चाकं क्षणभर आवळली जातात आणि गाडीचं शेपूट बाजूला फिरतं. म्हणून गिअर उतार लागायच्या आधी, सपाटीवरच टाकायचा. उतारात तो बदलायचा नाही, क्लचही दाबून ठेवायचा नाही. ब्रेक टप्प्याटप्प्याने आणि हलका, कारण एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत जोरात दाबलेला ब्रेक चाकं जाम करतो आणि जाम झालेल्या पुढच्या चाकांवर स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी वळत नाही. शेपूट फिरलंच तर ज्या बाजूला मागचा भाग जातोय त्याच बाजूला स्टिअरिंग, आणि दोन्ही पाय उचललेले. हे लिहायला सोपं आहे. चाललेल्या गाडीत पायाला ते पटवून देणं फार अवघड आहे, आणि रात्रभर न झोपलेल्या पायाला तर त्याहूनही.

या सगळ्यापेक्षा जास्त फरक पडतो तो टायरने. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक टायर उष्ण रस्त्यांसाठी घडवलेले असतात. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली त्यांचं रबर कडक होतं आणि रस्त्याला धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत बर्फाला चावणाऱ्या बारीक फटी असतात. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्चपर्यंत असे टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. मॉन्ट्रियलला राहणाऱ्या मराठी कुटुंबाला वर्षातून दोनदा टायर बदलून घेणं दिवाळीच्या साफसफाईइतकं अंगवळणी पडलेलं असतं. करोल बागेच्या गाडीला मात्र जूनमध्ये राजस्थान, ऑक्टोबरात आग्रा आणि डिसेंबरात मनाली एकाच टायरवर करावं लागतं. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालते. बर्फावर ४ मिलिमीटरच्या खालचा टायर जवळजवळ गुळगुळीतच समजावा.

उरतात चेन. काश्मीरमध्ये तंगमर्ग ते गुलमर्गच्या १३ किलोमीटरच्या चढावर बर्फ पडला की चेन लावलेल्या किंवा चारही चाकांना ताकद असलेल्या गाड्यांनाच सोडतात. बाकीच्या तंगमर्गलाच थांबतात आणि प्रवासी स्थानिक सुमोत बसतात. चेन ज्या चाकांना ताकद आहे त्यांनाच लावायची, म्हणजे ट्रॅव्हलरला आणि ओम्नीला मागे. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतून ट्रॅव्हलरकडे आलेला चालक इथेच चुकतो. लावण्याची पद्धत बघण्यासारखी असते. चेन बर्फावर सरळ पसरायची, पीळ काढायचा, आकड्यांची टोकं बाहेरच्या बाजूला आहेत ना ते बघायचं, कारण उलटी लागली तर ती टायरच फाडते. चाकाच्या वरून ती शालीसारखी पांघरायची, मग चाकामागे हात घालून आतला आकडा अडकवायचा. ओल्या, बधिर बोटांना तो आकडा पहिल्या वेळी सापडत नाही. बाहेरचा आकडा लावून, ताणून, गाडी दहा पावलं पुढे घ्यायची, उतरायचं आणि ढिली पडलेली चेन परत ताणायची. हा शेवटचा भाग थंडीत बहुतेक जण टाळतात आणि ढिली चेन ब्रेकच्या नळीवर आपटून नवं संकट ओढवते. चेनवर ताशी ३०-४०च्या पुढे जायचं नाही, आणि बर्फ संपला की लगेच काढायची. डांबरावर ती टायरलाही खाते आणि रस्त्यालाही. शिवाय चेन फक्त मागे असेल तर चढ उत्तम चढतो, पण उतारावर पुढच्या, बिनचेनच्या चाकांनी वळण घ्यायचं असतं हे विसरता येत नाही.

थंडीचे बाकीचे त्रास थोडक्यात. दिल्लीत भरलेलं डिझेल दिल्लीच्या हिवाळ्यासाठी असतं. भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेलचा पोअर पॉइंट, म्हणजे ज्याखाली ते वाहायचं थांबतं ते तापमान, ३ अंशांपर्यंत चालतो. उन्हाळी डिझेलला १५ अंशांपर्यंत मुभा आहे. त्यातलं मेण गोठलं की फिल्टर तुंबतो आणि सकाळी इंजिन खोकून बंद पडतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं. मनालीच्या वाटेवर निघालेल्याने एवढं तरी करावं की दिल्लीची टाकी शक्य तेवढी संपवून शेवटचं डिझेल डोंगरातल्या पंपावर भरावं. रेडिएटरमध्ये साधं पाणी असेल तर ते गोठून ब्लॉक तडकू शकतो, तिथे कूलंटच हवं. मनालीच्या पुढच्या अटल बोगद्याच्या तोंडाशी, सुमारे ३१०० मीटर उंचीवर, हवा विरळ होते आणि टर्बो नसलेलं जुनं इंजिन जवळपास ३० टक्के ताकद गमावतं. हँडब्रेक रात्रभर ओढून ठेवला तर ओले ब्रेक गोठून चिकटतात, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावतात.

गाडीच्या वयाचा प्रश्न मात्र थोडक्यात उरकता येत नाही. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये ती कायम केली. १ जुलै २०२५पासून अशा गाड्यांना इंधनच न देण्याचा प्रयोग झाला, तो काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने सक्तीची कारवाई थांबवली, डिसेंबरात ते संरक्षण बीएस-४ या धुराच्या मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. करोल बागेत जुन्या मोटारींचा मोठा बाजार आहे, त्यामुळे या प्रत्येक आदेशाचा धक्का तिथे लगेच बसतो. दिल्लीत वय संपत आलेली गाडी ना-हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यात विकली जाते. हवेच्या दृष्टीने दिल्लीचा प्रश्न सुटतो. पण गाडी संपत नाही, ती कुठेतरी लहान गावात, कदाचित डोंगरात, आणखी पाच-सात वर्षं धावते, ढिल्या स्टिअरिंगसह आणि झिजलेल्या ब्रेकसह. जुन्या गाडीचा निकाल नुसत्या धुरावर लावायचा आणि तिच्या ब्रेकची, टायरची, धुरेची कसून तपासणी दुय्यम मानायची, हे चुकीचं आहे. बर्फात माणसाचा जीव त्या दुसऱ्या यादीवर टांगलेला असतो.

साध्या गाड्या बर्फाच्या पट्ट्यात शिरल्या की काय होऊ शकतं हे डिसेंबर २०२४ने दाखवलं. २३ तारखेला सोलंग ते अटल बोगद्याच्या टप्प्यात बर्फ पडला आणि सुमारे हजार गाड्या अडकल्या. सुमारे ७०० पर्यटकांना पोलिसांनी बाहेर काढलं. चारच दिवसांनी, २७ला, सोलंगला पुन्हा तेच घडलं आणि या वेळी सुमारे ५००० माणसं होती. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२०ला सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात ३९७८ मीटर उंचीवरचा रोहतांगचा घाट बंद असायचा आणि पर्यटकांची गाडी आपोआपच खाली थांबायची. बोगद्याने लाहौलच्या लोकांची हिवाळ्यातली कोंडी फोडली, आजाऱ्याला खाली आणता येऊ लागलं. हे मोठं काम आहे. त्याबरोबर दिल्लीची साधी गाडीही थेट बर्फाच्या पट्ट्यात शिरू लागली. सिक्कीममध्ये २८ डिसेंबर २०१८ला नथुलाहून परतणाऱ्या सुमारे २५०० पर्यटकांना लष्कराने आपल्या छावण्यांत आसरा दिला, त्यांच्या तीन-चारशे टॅक्सी रस्त्यावर उभ्या होत्या.

अडकलेल्या गाडीत रात्र काढायची वेळ आली तर थंडीबरोबर आणखी एक शत्रू असतो. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या मोटारींत २०हून अधिक माणसं दगावली. काचा बंद, हीटरसाठी इंजिन चालू आणि धुराची नळी बर्फाखाली गाडलेली, अशा गाडीत वास न येणारा कार्बन मोनॉक्साइड भरत जातो. माणसाला झोप येते आणि ती संपत नाही. इंजिन चालवायचंच तर दर तासाला दहा मिनिटं, त्याआधी उतरून नळीभोवतीचा बर्फ उकरून, आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवून.

बर्फ पडला की मनालीच्या पुढे पोलीस साध्या गाड्या अडवतात आणि चारही चाकांना ताकद असलेल्यांनाच वर सोडतात. तिथे हुज्जत घालणारे पर्यटक दर हिवाळ्यात दिसतात, कारण कार्यक्रमपत्रिकेत ‘स्नो पॉइंट’ छापलेलं असतं आणि पैसे करोल बागेतच मोजलेले असतात. चालकाची कोंडी इथे होते. गाडी मालकाची, पाहुणे एजंटाचे, रात्र डोळ्यांत काढलेली, आणि नाही म्हणायचा अधिकार कागदावर कुठेच नाही. तो अधिकार करोल बागेत, बुकिंगच्या वेळीच त्याच्या हातात द्यायला हवा. बर्फ असेल तर गाडी कुठे थांबेल, पुढच्या स्थानिक गाडीचं भाडं कोण देईल, चालक मनालीला पोचल्यावर किती तास झोपेल, हे आधी बोलून घेणाऱ्या कुटुंबाची सहल बहुतेक सुखरूप होते. टपावरच्या बॅगा खाली, मागच्या धुरेच्या वर ठेवायला सांगणारं एखादं कुटुंब भेटलं तर चालक त्यांच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतो. एक फावडं आणि वाळूची दोन पोती त्याच जागी ठेवली तर वजनाचं काम होतं आणि गरज पडली तर तीच वाळू चाकाखाली टाकता येते.

आणि परतीची वेळ. दुपारी उन्हाने रस्त्यावरचा बर्फ पाझरतो, डांबर ओलं आणि निरुपद्रवी दिसतं. तीन-साडेतीनला डोंगराची सावली रस्त्यावर पडते आणि तेच पाणी पारदर्शक थर होऊन गोठतं. सकाळी गोठलेल्या दवाचाही असाच थर असतो. शिमल्याजवळ ढली ते कुफरीच्या सावलीच्या वळणांवर उन्हं वर येईपर्यंत तो हटत नाही. सोलंगला पोरं अजून बर्फाचे गोळे फेकत असतात, ‘आणखी दहा मिनिटं’ म्हणत असतात, आणि खाली पार्किंगमध्ये ट्रॅव्हलरचा चालक समोरच्या उतारावर सरकत येणारी सावली बघत हॉर्न वाजवत असतो.